मजुरी थकवणे ही पुन्हा तीच परीक्षा

१९७२ च्या दुष्काळात माझी आई अकोट तालुक्यात गिट्टी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळे, ती पदरात बांधून ती आम्हा भावंडांसाठी आणायची.

अशा दुष्काळी कामांचा इतिहास जुना आहे. काम इतके जड आणि मोबदला इतका तोकडा ठेवायचा की खरा भुकेलाच येईल, हा भुकेच्या परीक्षेचा विचार इंग्लंडच्या १८३४ च्या गरीब कायद्याचा. १८७७ त ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी तो इथल्या दुष्काळी कामांवर लादला. मजुराला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर किरकोळ पैसे. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही! पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठवला. १८९९-१९०० त वऱ्हाड दुष्काळात होरपळले, तेव्हा अकोला-बडनेऱ्यावरून कापसाच्या गाड्या धावू लागून तीस वर्षे झाली होती. कापूस न्यायला रेल्वे होती. माणसाला मात्र आधी आपली भूक सिद्ध करावी लागे.

वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेने ही परीक्षा उलटी केली. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला आणि काम मागणे हा हक्क ठरला. काम न दिल्यास बेकारी भत्ता. हे महाराष्ट्राने देशाच्या आधी केले, याचा मला अभिमान आहे.

म्हणूनच मेळघाटातली माणसे रोजगार हमीच्या थकलेल्या मजुरीची वाट पाहत होळीनंतर पुण्या-मुंबईकडे निघतात, तेव्हा संताप येतो. मजुरी थकवणे म्हणजे भुकेची तीच परीक्षा पुन्हा घेणे. मजुरी वेळेवर द्या. काम मागणाऱ्यांनो, अर्जाची तारीखवार पोच घेतल्याशिवाय उठू नका.