विमा उतरवला, समजावला कोणी?

भात पावसावर जगते आणि पावसानेच मरते. आपल्या ठाणे जिल्ह्यातील शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ तालुक्यांतला शेतकरी उन्हाळ्यात राब भाजतो, मृगात पेरतो, जुलैत लावणी उरकतो आणि दिवाळीच्या तोंडावर विळा हातात घेतो. मध्येच पावसाने ताण दिला तर खाचराला भेगा पडतात. उल्हास, काळू, भातसा फुगल्या तर लावणी पाण्याखाली जाते. यातून तरले, तर कापून टाकलेल्या कडप्यांवर परतीचा पाऊस बसतो आणि दाण्याला कोंब फुटतात. २७ जुलै २०१९ रोजी वांगणी-बदलापूरच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, तेव्हा सगळ्या देशाने ती गाडी पाहिली. रुळांच्या दोन्ही अंगांना बुडालेली खाचरे मात्र फारशी कोणाच्या नजरेत भरली नाहीत.

खोपटच्या एस.टी. आगारात उभ्या असलेल्या शहरी माणसाला पाऊस म्हणजे गाडीला झालेला उशीर. गाडी ज्या गावाला जाते, त्या गावात तो वर्षाचा हिशोब असतो. हा हिशोब एकट्या शेतकऱ्याच्या डोक्यावर राहू नये म्हणून पीक विमा आला. त्यात शासन आहे, कंपनी आहे आणि शेतकरीही आहे. यालाच हल्ली सार्वजनिक-खासगी भागीदारी म्हणतात. पण ज्या भागीदाराला करारच माहीत नाही, त्याला भागीदार कसे म्हणावे, हा आमचा प्रश्न आहे.

या योजनेचा पाया मराठी माणसाने घातला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थतज्ज्ञ प्रा. वि. म. दांडेकर यांनी सत्तरच्या दशकात मांडले की, एकेका शेतकऱ्याच्या नुकसानीची मोजदाद करणे आपल्या देशात शक्य नाही. म्हणून एक क्षेत्र धरावे, त्याचे सरासरी उत्पादन मोजावे आणि त्यावर भरपाई ठरवावी. १९७९ साली याच तत्त्वावर प्रायोगिक योजना आली, १९८५ मध्ये सर्वंकष पीक विमा, १९९९च्या रब्बीपासून राष्ट्रीय कृषी विमा आणि २०१६च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना. नावे बदलली, कंपन्या आल्या-गेल्या, पण क्षेत्राचे तत्त्व तेच राहिले. आणि शेतकऱ्याला नेमके तेच कोणी नीट सांगितले नाही.

आता हे साध्या आकड्यांत पाहू. आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. आपल्या महसूल मंडळात भाताच्या मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी हेक्टरी २५ क्विंटल आली असे समजा. जोखीमस्तर ७० टक्के धरला, तर १७.५ क्विंटल हे झाले उंबरठा उत्पादन. यंदा मंडळात पीक कापणी प्रयोग झाले आणि सरासरी १४ क्विंटल निघाली. तूट साडेतीन क्विंटलची, म्हणजे उंबरठ्याच्या २० टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५० हजार असेल तर भरपाई १० हजार. ज्याचे २० गुंठे भात आहे त्याला मिळणार २ हजार, आणि खरिपाच्या २ टक्के दराने त्याने भरलेला हप्ता २०० रुपये.

आता दुसरी बाजू. त्याच मंडळाची सरासरी १८ क्विंटल आली, पण नदीकाठच्या एखाद्या शेतकऱ्याचे सगळे भात कुजून गेले. त्याला काय मिळाले? काही नाही. कारण उंबरठा ओलांडला गेला नाही. हा शेतकरी मग चावडीवर येऊन विचारतो, "माझं तर समदं गेलं, मग विमा कशाचा?" त्याचा राग खोटा नाही. पण हा नियम त्याला हप्ता भरताना सांगायला हवा होता. नुकसान झाल्यावर सांगितलेला नियम म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

एकट्या शेतकऱ्याचे नुकसान धरण्याची सोय योजनेत पूर्वी होती. स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचे नुकसान असे जादा संरक्षण होते, आणि त्यासाठी ७२ तासांच्या आत कळवण्याची अट होती. महाराष्ट्राने खरीप २०२५ पासून ही जादा संरक्षणे वगळली आणि भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगावर ठेवली. २०२३ मध्ये सुरू झालेला एक रुपयातला विमाही त्याच वेळी बंद झाला आणि खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्के, नगदी पिकांना ५ टक्के असा हप्ता पुन्हा आला. एक रुपयाच्या काळात बोगस अर्जांचे प्रकार उघडकीस आले, हे खरेच. पण बदल झाल्यावर तो गावोगाव पोचवण्याचे काम तितक्या तत्परतेने झाले नाही. अर्जांची संख्या घटली, ती निव्वळ हप्ता वाढला म्हणून नव्हे. ज्याचा अर्थ कळत नाही त्यावर माणूस खिशातले पैसे लावत नाही.

त्यातच केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले, की खरीप २०२६ पासून भात पाण्याखाली जाणे आणि वन्यप्राण्यांनी पीक खाणे या दोन्हींना स्थानिक जोखमीत स्थान देता येईल. भात बुडण्याचे संरक्षण २०१८ मध्ये काढले गेले होते. शहापूर-मुरबाडच्या रानडुकरांनी आणि उल्हासच्या पुराने गांजलेल्या आपल्या भागाला या दोन ओळी लाखमोलाच्या आहेत. परंतु त्या लागू होतात त्या राज्याच्या अधिसूचनेतून. तेव्हा हप्ता भरण्यापूर्वी "आपल्या तालुक्याच्या अधिसूचनेत हे आहे का?" हा प्रश्न प्रत्येकाने विचारलाच पाहिजे.

भागीदारीत सगळे वाईटच चालले आहे, असे आमचे म्हणणे नाही. महावेध प्रकल्पात शासन आणि स्कायमेट या खासगी कंपनीने मिळून राज्यात २ हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी केली. फळपिकांचा हवामान आधारित विमा अशाच नोंदींवर चालतो. ई-पीक पाहणी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने उभी राहिली आणि २०२१ पासून शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद करू लागला. नफ्यालाही लगाम आहे. बीडमध्ये २०२० साली सुरू झालेली आणि पुढे राज्याने स्वीकारलेली ८०:११० पद्धत सांगते, की १०० रुपये हप्ता गोळा होऊन भरपाई ५० रुपयेच गेली, तर कंपनीने २० ठेवावेत आणि ३० शासनाला परत करावेत. भरपाई ११० च्या वर गेली, तर वरचा बोजा शासनाचा. शासनाचे आणि कंपनीचे हिशोब असे कागदावर पक्के झाले. शेतकऱ्याची समज तेवढी कच्ची राहिली.

ती पक्की करण्यासाठी पैसा नाही असेही नाही. कंपन्यांनी गोळा झालेल्या एकूण हप्त्याच्या अर्धा टक्का रक्कम प्रचार-प्रशिक्षणावर खर्च करायची, असे योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पण प्रचार म्हणजे शिक्षण नव्हे. भिंतीवरचे पोस्टर, फिरती रिक्षा आणि मुदत संपायच्या आठवड्यात घेतलेली सभा यांतून अर्जांचे गठ्ठे वाढतात. उंबरठा उत्पादन म्हणजे काय, ते कळत नाही. सभेत प्रश्न येतात ते कृषी खात्याच्या माणसाला. तो गावातच असतो, म्हणून शिव्याही त्यालाच. कंपनीचा प्रतिनिधी तालुक्याला एखादा, आणि हंगाम संपला की त्याचा नंबर लागेलच याची खात्री नाही.

तेव्हा आमच्या सूचना साध्या आहेत. पहिली, खरिपाच्या मुदतीपूर्वी निदान महिनाभर आधी प्रत्येक गावात एक विमा शेतीशाळा व्हावी. तिथे सहायक कृषी अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी म्हणजे आपले पूर्वीचे तलाठी, आणि कंपनीचा प्रतिनिधी एकाच सतरंजीवर बसावेत. गावातल्याच एखाद्याच्या सातबाऱ्यावर, त्याच्याच गुंठ्यांचा हिशोब फळ्यावर करून दाखवावा. भरपाई केव्हा मिळते याच्या जोडीला केव्हा मिळत नाही हेही सांगावे. दुसरी, मंडळाचे उंबरठा उत्पादन, विमा रक्कम, हप्ता आणि कंपनीच्या माणसाचे नाव-नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहावे. तिसरी, पीक कापणी प्रयोग कुठल्या गटात, कुठल्या दिवशी आहे, ते आधी जाहीर व्हावे. कंपनीचा माणूस तिथे हजर राहू शकतो, मग गावचे चार शेतकरी का नकोत? वजन डोळ्यांदेखत झाले की संशयाला जागा उरत नाही. चौथी, पैसे जमा झाले किंवा नाही झाले, तरी कारणासह यादी चावडीवर लागावी.

शेतकरी बंधूंनो, काही गोष्टी आपल्याही हातातल्या आहेत. ई-पीक पाहणी चुकवू नका. सातबारा, आधार आणि बँक खाते यांतले नाव जुळते का, ते पाहून घ्या. सामाईक खाते असेल तर आपला हिस्सा किती ते आधी भावकीत ठरवा. खरीप २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांकही लागू लागला, तो काढून ठेवा. अर्ज भरणाऱ्या सामूहिक सेवा केंद्राला कंपनी अर्जामागे ४० रुपये देते, तेव्हा वर पैसे मागितले तर देऊ नका, आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका. शंका असेल तर १४४४७ या क्रमांकावर विचारा. आणि एक, पंचनामा निराळा, विमा निराळा. ३३ टक्क्यांहून जास्त नुकसानीला शासनाकडून मिळते ती आपत्तीची मदत. ती विमा नसला तरी मिळू शकते. एकाची वाट पाहताना दुसरे सोडू नका.

शेवटी विमा ही जोखमीची एक बाजू. सगळ्या खाचरांत एकच वाण लावून सगळा हंगाम एका पावसाच्या हवाली करणे हे शहाणपणाचे नाही. उखार जमिनीत कर्जत-३ सारखे हळवे, खोलगट पाणथळीत गरवे, वरकसावर नाचणी-वरी आणि भातानंतरच्या ओलीवर वाल किंवा हरभरा ही आपल्या आज्या-पणज्यांची विमा योजना होती. तिला हप्ता नव्हता. नवी योजना जुनीच्या जोडीला यावी, जागेवर नव्हे.

विमा घ्या किंवा घेऊ नका, हे आम्ही सांगणार नाही. तो निर्णय ज्याचे शेत त्याचा. पण तो समजून घेतलेला असावा, एवढी जबाबदारी शासनाची आणि कंपनीची आहे. २०० रुपये भरणाऱ्या माणसाला त्या २०० रुपयांत काय येते आणि काय येत नाही, हे सही करण्याआधी कळले पाहिजे. इतके झाले तरच भागीदारी हा शब्द खरा ठरेल.