भाता थांबवू नका

आपल्याकडच्या महिला भजनी मंडळांत एक गोष्ट हटकून दिसते. टाळ बायकांच्या हातात, गाणं बायकांचं, ढोलकीसुद्धा एखादी धीट वहिनी वाजवते. पेटीवर मात्र कुणाचे तरी काका, नाहीतर पुतण्या! जालन्यात पाहा, अंबडला पाहा, परतूरला पाहा. काका गावाला गेले की त्या दिवशीचं भजन कोरडं. बरं, मंडळात पेटी येणारी कुणी नसते असंही नाही. क्लास केलेल्या, गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिका परीक्षा दिलेल्या बायका टाळ घेऊन मागं बसलेल्या असतात. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘नको बाई, चारचौघांत चुकलं तर?’

खरं सांगू का मैत्रिणींनो, मला या उत्तराचा राग येतो. पन्नास पानांच्या पंगतीत वरण खारट झालं तर आपण त्यात बटाटा सोडतो आणि वाढायला घेतो. पंगत उठवत नाही. मग एका चुकीच्या सुरासाठी पेटी कशी काय उठवतो?

आमच्या ओळखीतल्या एकीनं हरिपाठाला पेटी धरली होती. दुसऱ्याच अभंगात बोट घसरलं, ती थांबली. लगेच एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, ‘राहू दे गं, काकांना बोलवा.’ तीन वर्षं झाली, तिची पेटी जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर आहे.

माझ्या मते चूक बोट घसरण्यात नव्हतीच. ती थांबली, तिथं सगळं बिघडलं. आणि थांबायची सवय आपल्याला शिकतानाच लागते. क्लासमध्ये सूर चुकला की गुरुजी म्हणतात, ‘पुन्हा घ्या.’ घरीही आपण तेच करतो. चुकलं की मागं जायचं, दुरुस्त करायचं. शिकताना ते हवंच. पण हाताला तेवढीच एक सवय लागते, चुकलं की थांब. भजनात आठ मात्रांचा ठेका कुणासाठी थांबतो का? म्हणून रियाज दोन तऱ्हेचा करावा. एक दुरुस्तीचा, आणि दुसरा काही झालं तरी न थांबता अभंग शेवटपर्यंत नेण्याचा. या दुसऱ्या रियाजात जाऊबाईला नाहीतर लेकीला टाळ धरून समोर बसवा. ती मुळीच थांबणार नाही, एवढंच तिला सांगून ठेवा.

आणि गाडी चुकलीच तर? डाव्या हातानं भाता चालू ठेवायचा, उजव्या हाताचं बोट ‘सा’वर ठेवायचं आणि धृपद आलं की आत शिरायचं. एखादा चुकलेला सूर गर्दीत विरून जातो; पेटी एकदम गप्प झाली तर मात्र मागच्या रांगेलाही कळतं. घाबरल्यावर ‘सा’ सापडत नसेल तर त्या पट्टीवर चक्क एक टिकली चिकटवा. हसू नका, फार उपयोगी पडते!

हात गार पडणं, तोंडाला कोरड, छातीत धडधड, हे सगळ्यांनाच होतं. धडधड वाढली की चाललेली लय आपल्याला संथ वाटते आणि आपण नकळत पळायला लागतो. म्हणून पहिला अभंग घरच्यापेक्षा जरा सावकाशच धरावा. पियानोवादक होरोविट्झ जगप्रसिद्ध होता, तरी १९५३ पासून १२ वर्षं तो मैफलीत बसलाच नाही. १९६५ साली न्यूयॉर्कला परत वाजवायला बसला तेव्हा सुरुवातीलाच त्याचे सूर चुकले. तो वाजवत राहिला. ती मैफल आजही लोक आवडीनं ऐकतात.

इतक्या लांब तरी कशाला जायचं? पं. अप्पा जळगावकर (१९२२–२००९) आपल्या जालन्याकडचेच. आधी गाणं शिकले, पुढं पेटीकडे वळले, पेटी स्वतःच्या मेहनतीनं मिळवली. भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर यांच्यासारख्यांना साथ केली. २००० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. साथ करणाऱ्याला गायक पुढचा सूर कुठला घेणार हे आधी ठाऊक नसतं. त्यानं सगळा कान गाणाऱ्याकडे द्यायचा असतो. आपणही भजनाला साथच तर करतो. कान गाणाऱ्या मावशींकडे लागला, की आपल्याकडे कोण बघतंय याची आठवणही कमी होते.

आता दोन शब्द टाळकऱ्यांना. पेटी अडखळली की सगळ्या माना एकदम तिकडे वळतात. कृपा करून वळवू नका. टाळ जरा जोरात वाजवा आणि धृपद मोठ्यानं म्हणा. तिला आत यायला वाट हवी असते.