आजारी मुलाची चित्रकथा वाचनालयात हवी

चित्रकथा म्हणजे परीक्षा संपल्यावरची करमणूक, असे बहुतेक पालकांना वाटते. त्यांनी सीसी बेल या अमेरिकन लेखिकेची 'एल डेफो' (2014) जरूर पाहावी. चौथ्या वर्षी मेनिंजायटिसमुळे तिची श्रवणशक्ती गेली. पुस्तकात तिने स्वतःला सशाच्या रूपात काढले आहे. कान एवढे मोठे, आणि ऐकू येत नाही! यंत्राची बॅटरी संपत आली की बोलण्याच्या फुग्यातली अक्षरे पुसट होत जातात. व्याख्यानाने कळणार नाही ते मुलांना तिथे कळते.

आपल्याकडे अशी गोष्ट सिकलसेलची व्हावी. सुरतेतील अनेक मराठी कुटुंबे खानदेशातली. तिकडे नंदुरबार-धुळ्यात आणि इकडे डांग-तापीत, विशेषतः आदिवासी समाजात, हा आजार आढळतो. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडे ठणकतात. तो आई-वडील दोघांकडून येतो. शेजारी बसल्याने होत नाही. अशा मुलाने वारंवार पाणी प्यावे लागते. वर्गात मात्र तो बहाणेबाज ठरतो. मुलगी असेल तर लग्नाच्या काळजीने घरचे आजाराचे नावच काढत नाहीत. 2023 साली राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तपासणी होईल, पण बाकावरच्या सोबत्याला कोण सांगणार?

विश्वस्त मंडळाने अशी दोन-चार पुस्तके घ्यावीत. मराठी गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनीच काढावी. कोणा खऱ्या मुलाचे नाव नको, मजकूर डॉक्टरांकडून तपासून घ्यावा. शेवटी नायकाला खडखडीत बरे मात्र करू नये (बालकथांची ती जुनी खोड आहे). स्नेहसंमेलनापर्यंत आठ पाने सहज होतील.