पंच नसलेल्या मैदानावर

गेल्या रविवारी आमच्या कॉलेजच्या अल्टिमेट फ्रिस्बी टीमची हंगामातली पहिली स्पर्धा होती. १२-१२ अशी बरोबरी असताना मी एंड झोनमध्ये डिस्क झेलली. आमची पोरं नाचू लागली. पण झेलताना माझा पाय रेषेवर होता, आणि ते फक्त मलाच ठाऊक होतं.

१९६८ मध्ये न्यू जर्सीतल्या शाळकरी मुलांनी सुरू केलेल्या या खेळात पंच नसतो. सात-सात खेळाडू, फाउलही तेच सांगतात. मी म्हणालो, "आउट." डिस्क त्यांच्याकडे गेली, शेवटचा गुण त्यांनी घेतला. आम्ही हरलो.

परतताना मित्र म्हणाला, "गप्प बसला असतास तर कुणाला कळलं असतं?"

दोस्तांनो, आपण सरकारकडे, पोलिसांकडे न्याय मागतो. मागायलाच हवा. पण आपल्याच विरोधात जाणारं खरं बोलायची सवय नसेल, तर त्या मागणीला वजन कुठून येणार? संस्थेचा हिशेब देताना, बहिणीला जमिनीतला वाटा देताना शिट्टी वाजवायला कुणी उभं नसतं. तिथेही रेषा असते. पाय कुठे पडला, हे आपल्याला ठाऊक असतं.