कॅम्पातील मैफल आणि आपण

कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकापाठोपाठ येतात. अंतर पाव तासाचे. तरीही अंबरनाथ-बदलापूरच्या मराठी घरांत उल्हासनगरचा विषय निघाला की तो फर्निचर, जीन्स आणि ‘मेड इन यू.एस.ए.’चा जुना विनोद यांपलीकडे सहसा जात नाही. या गावातही साहित्य लिहिले गेले आणि येथील विस्थापित समाजाच्या हक्कांसाठी त्याच्या लेखक-कलावंतांनी वस्त्यावस्त्यांतून मैफली भरविल्या, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

फाळणीनंतर सिंधमधून आलेले जवळपास लाखभर हिंदू कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे उल्हासनगरची पायाभरणी झाली; लोकांच्या तोंडी मात्र ‘कॅम्प’ हाच शब्द राहिला. पंजाब आणि बंगाल यांचा निदान काही भाग तरी भारतात उरला होता. सिंधी माणसाला स्वतःचे म्हणावे असे राज्यच मिळाले नाही. गेलेल्या घरादाराचा ‘क्लेम’ सरकारदरबारी करता येत होता; पण गेलेल्या भाषेचा क्लेम कोणत्या खिडकीवर करायचा?

तो लेखकांनी केला. मुंबईत सिंधी साहित मंडळाच्या बैठका भरू लागल्या. गोविंद माल्ही यांनी कलाकार मंडळ उभारले आणि भगवंती नावाणी यांच्यासारख्या गायिकेला बरोबर घेऊन ठिकठिकाणच्या सिंधी वस्त्यांत कार्यक्रम केले. डोक्यावर धड छप्पर नसलेली माणसे तेथे आपली भाषा ऐकायला बसत. मोहन कल्पना उल्हासनगरातच राहून लिहीत होते. १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. या मंडळींतील कित्येकजण डाव्या विचारांचे होते, हे येथे नमूद करण्यात संकोचाचे काही कारण नाही. धर्म टिकविण्यासाठी गाव सोडून आलेल्या समाजाने शाह अब्दुल लतीफ यांचे काव्यही बरोबर आणले, यातही मला विसंगती दिसत नाही. १० एप्रिल १९६७ रोजी एकविसाव्या घटनादुरुस्तीने सिंधी भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आली. पाठीशी एकही राज्य नसताना मिळविलेले हे यश होते.

या यशाचा उपयोग आजही होतो आहे. देशीयकरणाने भारताचे नागरिकत्व मागणाऱ्यास आठव्या अनुसूचीतील एखादी भाषा पुरेशी अवगत असावी लागते. सिंधहून अलीकडे आलेला माणूस अर्जावर ‘सिंधी’ असे निःशंकपणे लिहू शकतो, तो त्या जुन्या चळवळीच्या बळावर.

अशी कुटुंबे उल्हासनगरात आहेत. २०१६ मध्ये केंद्राने निवडक जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्वाचे अधिकार दिले, त्यांत ठाणे होते. २०१९ च्या कायद्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी आले. पण त्यातील सवलत ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना. त्यानंतर आलेला बांधव दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षे मोजतो. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील, असा खुलासा सरकारला करावा लागला. तो खुलासा कानी येईपर्यंतचे तास या घरांनी कसे काढले असतील, याची कल्पना करून पाहावी.

१९७१ मध्ये ॲलन गिन्सबर्ग हा अमेरिकन कवी बंगालच्या निर्वासित छावण्या पाहून गेला, त्यावर त्याने दीर्घ कविता लिहिली आणि न्यूयॉर्कमध्ये निर्वासितांच्या साहाय्यार्थ झालेल्या काव्यवाचनात भाग घेतला. तो सात समुद्रांपलीकडचा. आपण दोन स्थानके पलीकडचे. आणि विंदा करंदीकर, वसंत बापट व मंगेश पाडगावकर यांनी ज्या महाराष्ट्रात गावोगाव काव्यवाचने केली, तेथे कवितेला श्रोता मिळत नाही ही सबब चालायची नाही.

आक्षेप मला ठाऊक आहेत. गर्दी, अनधिकृत इमारती, पाण्याचे हाल... मराठी माणसाची ही तक्रार खोटी नाही. पण तिचे उत्तर नगरपालिकांकडे मागायचे. कराची वा मीरपूरखासहून मुलीबाळींना घेऊन आलेल्या कुटुंबाकडे नव्हे.

गुढीपाडव्याच्या मागोमाग चेटीचंड येतो. त्या सायंकाळी बदलापूर वा अंबरनाथच्या एखाद्या साहित्य मंडळाने सभागृह घ्यावे. अर्धा वेळ मराठी कविता, अर्धा वेळ सिंधी, आणि मधे अनुवाद वाचणारा कोणी. प्रवेशिका शंभर रुपयांची असावी. जमेल ती रक्कम प्रतिज्ञापत्रे, अर्जाची फी आणि ठाण्याच्या खेपा यांसाठी या कुटुंबांना द्यावी. सूत्रसंचालकाला एवढेच आधी सांगून ठेवावे की, पाहुण्यांची ओळख करून देताना ‘निर्वासित’ हा शब्द वापरू नये; त्यांना तो आवडत नाही.