बोटीवरच्या माणसाशी बोलताना

मागच्या पावसाळ्यात गुहागरकडच्या एका घरी मी चहाला बसलो होतो. ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून फोन ठेवला होता, स्पीकर चालू होता आणि पलीकडे घरचा मुलगा होता. तो बोटीच्या इंजिनरूममध्ये ऑइलर आहे. आईने विचारलं, "बाळा, गणपतीला येशील ना?" पलीकडून काहीच नाही. तिने पुन्हा विचारलं, "येशील ना रे?" तेवढ्यात त्याचा "हो गं" आला आणि तिच्या दुसऱ्या प्रश्नावर आदळला. मग दोघंही एकदम बोलायला लागले, दोघंही एकदम गप्प झाले. फोन बंद झाल्यावर आई माझ्याकडे वळून म्हणाली, "बघितलंत भाऊ, विचारल्यावर केवढा थांबला! काहीतरी लपवतोय."

तो काही लपवत नव्हता. त्याने लगेच उत्तर दिलं होतं, ते पोचायला वेळ लागला एवढंच. बोटींवर रेडिओ ऑफिसर म्हणून माझी कितीतरी वर्षं गेली. आवाज समुद्रापलीकडे पोचवणं हेच माझं काम होतं. त्यामुळे बोटीवर माणूस असलेल्या प्रत्येक घराला मला हे सांगावंसं वाटतं: फोनवरच्या त्या थांबण्याचा अर्थ लावू नका. ते थांबणं तुमच्या माणसाचं नसतं.

ते कुठून येतं, ते नीट समजून घ्या. समुद्रात मोबाइलचा टॉवर नसतो. बोटीच्या वरच्या डेकवर पांढरा घुमट दिसतो, त्यात अँटेना असतो. पुष्कळ बोटींवर हा अँटेना ज्या उपग्रहाशी बोलतो तो विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर असतो. मुलाचा शब्द आधी तिथवर चढतो, तिथून तेवढाच खाली कुठल्यातरी देशातल्या भूकेंद्रावर उतरतो आणि मग नेहमीच्या इंटरनेटने तुमच्या गावात येतो. सेकंदाला 3 लाख किलोमीटर या वेगाने गेला तरी नुसत्या चढण्या-उतरण्याला पाव सेकंद लागतो. तुमचा प्रश्न जायला पाव सेकंद, उत्तर यायला पाव सेकंद. शिवाय फोन आवाजाचे बारीक बारीक तुकडे करून पाठवतो, पलीकडचा फोन ते गोळा करून जुळवतो, त्यात आणखी थोडा वेळ जातो. सगळं मिळून अर्ध्या सेकंदाच्या वर, कधी पाऊण सेकंदही.

पाऊण सेकंद म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण समोरासमोर बोलताना आपण किती थोडं थांबतो याचा 2009 साली 10 भाषांमध्ये अभ्यास झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत माणसं सरासरी सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा थांबतात, असं त्यात दिसलं. आपला कान लहानपणापासून याच तालाला सरावलेला आहे. उत्तर त्याहून उशिरा आलं की आपण समजतो, माणूस अडखळला, त्याला बोलायचं नाही, रागावलाय. 2014 साली जर्मनीतल्या संशोधकांनी हेच तपासलं. फोनच्या यंत्रणेत मुद्दाम उशीर घातला, तेव्हा ऐकणाऱ्यांनी दोष यंत्रणेला न देता पलीकडच्या माणसाला दिला. त्याचं लक्ष नाही, तो मोकळेपणाने बोलत नाही, असं त्यांना वाटलं. ओट्यापाशी उभ्या असलेल्या त्या आईला वाटलं ते याहून वेगळं नव्हतं. फरक इतकाच की त्यानंतर ती रात्रभर जागी राहिली.

माझ्या पिढीला हे नवं नाही. नारायणगावजवळ आर्वीला विक्रम उपग्रह भूकेंद्र झालं आणि परदेशातले फोन त्यावरून येऊ लागले, तेव्हाच्या लोकांना आपलाच शब्द लांब जाऊन आल्यासारखा वाटायचा तो आवाज आठवत असेल. त्याही आधी, आणि पुढेही बरीच वर्षं, बोटीवरून घरी बोलायचं ते बॉम्बे रेडिओमार्फत, रेडिओ-टेलिफोनवर. बटण दाबून बोलायचं आणि सोडल्यावर ऐकायचं. बोलणं संपलं की "ओव्हर" म्हणायचं. त्या लहरीवर रेडिओ लावून बसलेल्या दुसऱ्या बोटीलाही नवरा-बायकोचं बोलणं ऐकू जायचं, म्हणून माणसं मोजून-मापून बोलत. 1 फेब्रुवारी 1999 पासून बोटींच्या संपर्काची नवी यंत्रणा पूर्ण लागू झाली, रेडिओ ऑफिसरची गरज उरली नाही आणि "ओव्हर"ही गेलं. आजच्या फोनला ते पुन्हा हवं आहे. ओव्हर म्हणायला लाज वाटत असेल तर दुसरा शब्द ठरवा. रत्नागिरीतल्या एका कुटुंबात "बोल" म्हणतात. आई वाक्य पुरं करते, "बोल" म्हणते आणि मनात एक-दोन मोजते. दोन दिवस अवघड गेलं, मग सवय झाली. नवराबायकोत "सांगा" म्हटलं तरी तेच काम होतं. एका वेळी एकच प्रश्न विचारा. "जेवलास का, पैसे पोचले का, आणि तुझ्या मामाचा फोन आला होता" असं एका दमात विचारलं की तो पहिल्याचं उत्तर देत असतो आणि तुम्ही तिसऱ्याचं उत्तर ऐकत असता.

दुसरी गोष्ट, फोन स्पीकरवर ठेवू नका. सगळ्या घराला ऐकायचं असतं हे मला कळतं. पण स्पीकरमधून बाहेर पडलेला त्याचाच आवाज तुमच्या फोनचा माइक पुन्हा उचलतो आणि अर्ध्या-पाऊण सेकंदाने त्याच्या कानात परत पाठवतो. स्वतःचं बोलणं असं मागून ऐकू आलं की माणूस अडखळायला लागतो. करून बघा, दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. फोनमध्ये हा प्रतिध्वनी मारायची सोय असते, पण मिक्सर चालू, टीव्ही चालू, पत्र्यावर पाऊस, अशा गोंगाटात ती हरते. इअरफोन लावा, एकेकाने बोला, फोन हातोहात द्या. बोलताना टीव्ही बंद ठेवा. आणि तुमच्या घरात नेटवर्क कुठे चांगलं मिळतं, पडवीत की मागच्या दारी, ते आधी बघून ठेवा. पुष्कळदा आवाज तुटतो तो उपग्रहामुळे नव्हे, आपल्याकडच्या टॉवरमुळे.

व्हिडिओचा आग्रह मात्र सोडाच. बोटीवर प्रत्येकाला महिन्याचा डेटा ठरवून दिलेला असतो, तो संपला की पुष्कळदा पदरचे पैसे घालून वाढवावा लागतो. नुसत्या आवाजाच्या कॉलला मिनिटाला साधारण अर्धा एमबी पुरतो. म्हणजे 1 जीबीत 30 तासांहून जास्त बोलणं होतं. व्हिडिओ त्याच्या कित्येक पट खातो, वर चित्र गोठतं आणि आवाजही घेऊन जातं. नातवंडाचा चेहरा दाखवायचा असेल तर छोटा फोटो पाठवा, तो त्याच्या सवडीने उघडेल. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये कॉलसाठी कमी डेटा वापरण्याची सोय आहे, ती दोन्हीकडे चालू करा. व्हॉइस मेसेज ही तर समुद्रासाठीच काढल्यासारखी गोष्ट आहे. त्यात उशीर नाही, आदळणं नाही, आणि रात्रीची वॉच, म्हणजे पाळी, संपवून केबिनमध्ये आल्यावर तो तुमचा आवाज तीनदा ऐकू शकतो.

वेळेचंही तसंच. सेकंड ऑफिसर 12 ते 4 वॉच करतो, दुपारीही आणि मध्यरात्रीही. त्याच्या झोपेच्या वेळी तुम्ही फोन करता, तो उचलत नाही, तुम्हाला काळजी लागते. त्याची वॉच विचारून ठेवा, बोटीचं घड्याळ आपल्यापेक्षा किती पुढे-मागे आहे तेही विचारा, प्रवासात ते बदलत असतं. संध्याकाळच्या जेवणानंतर मेसरूममधले सगळेच फोन काढतात, 20-22 जण एकाच बारीक वाटेवर येतात, तेव्हा कॉल तुटणारच. थोडं उशिराचं ठरवा.

अलीकडे काही बोटींवर नवी सेवा आली आहे. स्टारलिंकने 2022 मध्ये जहाजांसाठी सेवा सुरू केली. तिचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास उंचीवर फिरतात, त्यामुळे उशीर जवळजवळ जाणवतच नाही. तुमच्या माणसाच्या बोटीवर कोणती सेवा आहे ते त्याला विचारा. पण पुढच्या कॉन्ट्रॅक्टला तो दुसऱ्या बोटीवर जाईल, तिथे जुनीच असू शकेल. "मागच्या वेळी तर छान बोलायचास" असं त्याला ऐकवू नका.

आता फोन येतच नाही तेव्हाचं. धुराडं किंवा क्रेन अँटेना आणि उपग्रह यांच्या मध्ये आली की त्या दिशेने बोट जात असेपर्यंत नेट जातं. तासही जाईल, दिवसही. काही देशांच्या हद्दीत शिरल्यावर ही सेवा बंद ठेवावी लागते. धोक्याच्या पट्ट्यातून जाताना काही कंपन्या खलाशांचं नेट काही दिवस बंद करतात. दुबई, फुजैराला स्थानिक सिम घातलं तर व्हॉट्सॲपचे कॉल लागत नाहीत, मेसेज जातात. यातलं काय होणार आहे ते त्याला पुष्कळदा आधी माहीत असतं. निघण्यापूर्वी "चार दिवस बोलणं होणार नाही" एवढं कळवायची सवय त्याने ठेवावी, हे मी खलाशांनाही सांगतो. आणि बोट कुठे आहे, कुठे चालली आहे, हे घरच्यांनी स्टेटसला टाकू नये.

वाईट बातमी असेल तर ती अशा तुटक्या कॉलवर कधीच सांगू नका. मी हे पाहिलं आहे. एका खलाशाला वडील गेल्याचं अर्धं वाक्य ऐकू आलं आणि कॉल तुटला, उरलेलं वाक्य कळेपर्यंत सहा तास तो डेकवर फेऱ्या मारत होता. कंपनीच्या कार्यालयात फोन करा. तिथून कॅप्टनला कळवतात. कॅप्टन त्याला जवळ बसवून सांगतो, त्या रात्री त्याला वॉचवरून मोकळं करतो, पुढच्या बंदरातून घरी पाठवता येईल का ते बघतो. फोन तुम्ही नंतर करा, तेव्हा त्याच्या शेजारी कुणीतरी बसलेलं असेल.

नेट ही कंपनीची मेहेरबानी आहे असंही समजू नका. खलाशांच्या कामाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात 2022 साली दुरुस्ती झाली, ती 23 डिसेंबर 2024 पासून लागू आहे. शक्य तिथवर बोटीवर इंटरनेट द्यावं आणि पैसे घेतलेच तर ते वाजवी असावेत, असं त्यात आहे. भारताने हा करार 2015 मध्येच स्वीकारला आहे. कॉन्ट्रॅक्टवर सही करण्याआधी महिन्याला किती डेटा मिळेल आणि वरच्या डेटाला काय दर पडेल, हे विचारायला संकोच करू नका.

एक काम आज संध्याकाळीच करा. बोटीचं नाव, तिचा सात आकडी आयएमओ नंबर, कंपनीचा रात्रंदिवस चालणारा फोन आणि मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाच्या संपर्क केंद्राचा फोन, एवढं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. बोट विकल्यावर तिचं नाव बदलू शकतं, आयएमओ नंबर शेवटपर्यंत तोच राहतो, म्हणून तो नक्की लिहा. कागद भिंतीवरच्या कॅलेंडरला पिन करा, फोनमध्ये ठेवलेला नंबर फोन बंद पडला की मिळत नाही. आणि तुम्ही घरी नसताना म्हाताऱ्या सासूबाईंनाही तो वाचता येतो ना, एवढं एकदा बघून घ्या.