ध चा मा, तोही उलटा वाजवून

हेवी मेटलच्या गाण्यांत ‘दडलेला अर्थ’ शोधणाऱ्यांचा मला वीट आला आहे. यांच्यात दोन जाती आहेत. एक गाण्यात सैतान शोधते, दुसरी तत्त्वज्ञान. पहिलीला मेटल ऐकवत नाही, दुसरीला मेटलशिवाय काही ऐकवत नाही. गाण्याचे शब्द पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत सलग वाचायची तसदी मात्र दोघींपैकी कोणीच घेत नाही. काखेत कळसा असताना गावाला वळसे घालण्यात या मंडळींची हयात गेली.

पहिल्या जातीचा दरबार भरला तो १९ सप्टेंबर १९८५ रोजी, वॉशिंग्टनमध्ये. सिनेटच्या वाणिज्य समितीपुढे रॉक गाण्यांची झडती चालली होती. तक्रारदार होती बड्या राजकारण्यांच्या पत्नींनी काढलेली एक संस्था. तिच्यातल्या टिपर गोर यांचे यजमान अल गोर त्याच समितीत सिनेटर म्हणून बसलेले. ट्विस्टेड सिस्टर या बँडचं ‘अंडर द ब्लेड’ हे गाणं बलात्कार आणि लैंगिक छळाबद्दल आहे, असा टिपरबाईंचा शोध होता. बँडचा गायक डी स्नायडर केसांचं जंगल घेऊन आला, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि शांतपणे सांगू लागला, की हे गाणं आमच्या गिटारवाल्याच्या घशाच्या ऑपरेशनवर आहे. ज्याला छळ शोधायचा त्याला छळ सापडेल, ज्याला ऑपरेशन शोधायचं त्याला ऑपरेशन, असंही तो म्हणाला. सिनेटरसाहेबांसमोर एका भडक मेकअपवाल्या गायकाने साहित्य कसं वाचावं याचा धडा द्यावा, ही वेळ त्या देशावर आली होती. त्याच दिवशी साक्षीला आला होता जॉन डेन्व्हर. चष्मा लावून डोंगरदऱ्यांची गाणी गाणारा हा सज्जन गृहस्थ. पण डोंगरावरच्या आनंदाचं त्याचं गाणंही काही रेडिओ केंद्रांनी अमली पदार्थांचं म्हणून बंद केलं होतं. म्हणजे रोग मेटलला नव्हता, ऐकणाऱ्याच्या कानाला होता. कावीळ झालेल्याला डेन्व्हरही पिवळा दिसतो.

पण हे परवडलं, निदान शब्दांवर तरी भांडण होतं. पुढे या लोकांनी शब्दच सोडून दिले. १९९० च्या उन्हाळ्यात नेवाडा राज्यातल्या रीनो शहरात जूडस प्रीस्ट या बँडवर खटला चालला. १९८५ च्या डिसेंबरात दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडली होती. एक जागीच गेला, दुसरा चेहरा छिन्नविच्छिन्न होऊन वाचला आणि काही वर्षांनी तोही गेला. त्या घरांवर काय कोसळलं असेल याबद्दल मला एक शब्दही वाकडा बोलायचा नाही. माझं भांडण त्या दुःखाला हाताशी धरून उभ्या केलेल्या युक्तिवादाशी आहे. ‘स्टेन्ड क्लास’ या १९७८ च्या अल्बममधल्या एका गाण्यात ‘कर, करून टाक’ अशा अर्थाचा गुप्त आदेश भरला आहे, असा तो युक्तिवाद. आता गंमत पाहा. ज्या गाण्यावर खटला, ते गाणं जूडस प्रीस्टचं नव्हतंच. स्पूकी टूथ नावाच्या जुन्या बँडचं होतं, यांनी ते फक्त पुन्हा वाजवलं होतं. शब्दांत आत्महत्येची चिथावणी कोणालाच दाखवता येईना. आणि दाखवता आली असती तरी अमेरिकेच्या राज्यघटनेतलं अभिव्यक्तीचं कलम आडवं आलं असतं. मग करायचं काय? न्यायाधीशांनी आधीच म्हणून ठेवलं होतं, की ऐकणाऱ्याच्या नकळत मनात सरकवलेल्या संदेशाला ते संरक्षण नाही. झालं! उघड अर्थावर खटला चालत नाही म्हणून गुप्त अर्थ जन्माला आला. हे आहे या सगळ्या ‘खोल’ वाचनाचं इंगित. वरच्या मजकुरातून हवं ते निघत नसलं, की माणसं तळघर खणायला घेतात.

आनंदीबाईंच्या नावावर खपवलेल्या ध च्या मा ला निदान कागद लागला, शाई लागली, खाडाखोड लागली. रीनोत तेही नाही. गायक रॉब हॅलफर्डचा ओळ संपतानाचा उच्छ्वास आणि दुसऱ्या ट्रॅकवरचा गिटारचा आवाज एकमेकांवर पडले, आणि त्यातून तो ‘आदेश’ ऐकू येऊ लागला. न्यायाधीश व्हाइटहेड यांनी निकालात तेच म्हटलं, आवाजांचा योगायोग. बँड सुटला. चाहत्यांनी मरावं असं कुठल्या धंदेवाल्याला वाटेल, गुप्त आदेश द्यायचाच तर रेकॉर्डी विकत घ्या असा दिला नसता का, हा बँडच्या बाजूचा सवाल मला अख्ख्या खटल्यातला सर्वांत शहाणा वाटतो.

उलट्या वाजवण्याचा धंदा तर त्याहून थोर. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधानसभेच्या एका समितीत लेड झेपलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’ उलटं वाजवून त्यात सैतानाची स्तुती ऐकवण्यात आली. सुतावरून स्वर्ग गाठणारे आपल्याकडेही कमी नाहीत, पण इथे स्वर्गाला जिना लावून ठेवलेला असताना पठ्ठ्यांनी सुतावरून नरक गाठला. व्होकी आणि रीड या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी पुढे हे तपासून पाहिलं. उलट्या वाजवलेल्या बोलण्याचा अर्थ ऐकणाऱ्यांना लागेना. पण ‘अमुक वाक्य येतंय, नीट ऐका’ असं आधी सांगितलं, की बहुतेकांना तेच ऐकू येऊ लागे! आयर्न मेडनवाल्यांनी १९८३ च्या ‘पीस ऑफ माइंड’मध्ये मुद्दाम एक उलटा संदेश घातला. सुलटा केला तर काय? त्यांचा ढोलवाला इदी अमीनची नक्कल करतोय आणि शेवटी ढेकर देतोय. या वादावर याहून सखोल भाष्य मला माहीत नाही.

आता दुसरी जात, म्हणजे आमचीच. आमच्यातल्या कित्येकांना प्रत्येक रिफमागे नीत्शे दिसतो. अरे बाबांनो, निम्म्या गाण्यांत मोटरसायकल, तलवारी आणि दारू आहे, आणि ती मोटरसायकल म्हणजे मोटरसायकलच. उरलेल्या निम्म्यांत जे खरोखर मोलाचं आहे, ते पृष्ठभागावर उघडं पडलंय. ब्लॅक सॅबथचं १९७० चं ‘वॉर पिग्ज’ घ्या. चेटकिणी, काळी जादू एवढंच ऐकून धर्ममार्तंड खवळले आणि तेवढंच ऐकून पोरं खूश झाली. पण त्या चेटकिणी म्हणजे लढाईचे बेत आखणारे सेनापती, हे गाणं आरंभीच सांगून टाकतं. गरिबांची पोरं मरायला पाठवणारे शेवटी न्यायाच्या दिवशी गुडघ्यावर येतात, आणि सैतान हसतो तो त्यांना पाहून. शब्द लिहिणारा गीझर बटलर बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातल्या आयरिश कॅथलिक घरातला. त्याचंच पुढच्या वर्षीचं ‘आफ्टर फॉरेव्हर’ देवावर विश्वास ठेवायला इतक्या कळकळीने सांगतं, की आमच्या आळंदीच्या कीर्तनकारांनीही मान डोलवावी. सैतानाच्या या चेल्यांचं हे गाणं कुठल्याच समितीत वाजलं नाही.

१ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत बीकेसीच्या मैदानावर मेडनने कवी कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाच्या कवितेवरचं तेरा मिनिटांचं गाणं वाजवलं. कॉलेजात जी कोलरिज ऑप्शनला टाकतात, अशी पोरं ते गाणं घडाघडा म्हणतात. त्यात शोधायचं काही नाही. पक्षी मारला, त्याची शिक्षा भोगली. गोष्ट ऐकायची असते.

गाण्याचा कर्ता सांगेल तोच अर्थ, असंही मी म्हणत नाही. गायक ऑझी ऑस्बर्नच्या ‘सुइसाइड सोल्यूशन’वरही कोर्टबाजी झाली. हे दारूने मेलेल्या बॉन स्कॉट या गायकावर आहे, असं ऑझी सांगे. शब्द लिहिणारा बॉब डेझली म्हणतो, ते दारूत बुडालेल्या ऑझीवरच आहे. कोणावर, हे त्यांचं त्यांनी मिटवावं. दारू माणसाला खाते, एवढं कोणालाही ऐकू येतं.

आणि ज्यांना खरंच मेटलशी भांडायचंय, त्यांच्यासाठी जागा मोकळी आहे. स्लेयर या बँडचं १९८६ चं ‘एंजल ऑफ डेथ’ घ्या. आउश्वित्झमध्ये कैद्यांवर प्रयोग करणारा डॉक्टर मेंगेले हा त्याचा विषय. ते वाचून कोलंबिया कंपनीने अल्बम वितरित करायला नकार दिला. गाणं लिहिणारा जेफ हॅनेमन म्हणे, मेंगेले वाईट होता हे वेगळं सांगायची गरज काय? गरज नाही, मान्य. हे नाझींचं समर्थन आहे, हा आरोप मला पोरकट वाटतो. पण त्या गाण्यात छळाची यादी आहे, हत्यारं आहेत, डॉक्टर आहे. ज्यांच्यावर ते सगळं झालं त्यातल्या एकाही माणसाला चेहरा नाही. चाहते याला निर्भीड वास्तवदर्शन म्हणतात, मी याला आळस म्हणतो. रिफ अफाट आहे, म्हणून तो आळस झाकला जातो. यावर बसून भांडू या, माझी तयारी आहे. फक्त येताना शब्द वाचून या.